लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा बघायला जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीत राहायला लागून मला १४ वर्षं झाली. साताऱ्याहून नाहीतर पुण्याहून कुणी ना कुणी पाहुणे येतच असतात आणि आले की पहिल्या दोन दिवसांत लाल किल्ला ठरलेला. पहिल्या वर्षी आई-बाबा आले होते, तिकीट काढलं, लाईन लावली, बॅगा मशीनमधून गेल्या, घाईघाईत आत शिरलो आणि दुकानांच्या गल्लीपाशी आल्यावर बाबा थांबून म्हणाले, "अगं, तो टीव्हीवर दिसतो तो दरवाजा कुठाय?" आम्ही त्याच्याच खालून चालत आलो होतो. बाबांनी आयुष्यभर दर १५ ऑगस्टला सकाळी टीव्हीसमोर बसून तो दरवाजा बघितलेला आणि प्रत्यक्षात तो बघायचाच राहिला, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी दरवाजा दाखवते, मग किल्ला. फोनवर सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

लाहोरी दरवाजा म्हणजे नेमका कुठला?

लाल किल्ल्याचा पश्चिमेकडचा मुख्य दरवाजा, चांदणी चौकाच्या बरोब्बर समोर. आपण तिकीट काढून आत जातो तो हाच. शहाजहाननं राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणायचं ठरवलं, १६३९ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६४८ मध्ये पुरं झालं. उस्ताद अहमद लाहोरी आणि उस्ताद हमीद हे त्याचे मुख्य कारागीर. पण आपण "किल्ला" म्हणतो म्हणून रायगड-राजगड डोक्यात ठेवून जाऊ नका हं. हा बादशहाचा राहता राजवाडा, भोवती तट असलेला, आणि त्या काळी त्याला किला-ए-मुबारक म्हणायचे. म्हणजे हा राजवाड्याचा दरवाजा आहे, येणाऱ्याला दबकायला लावायचं, बादशहा किती मोठा आहे ते दारातच कळायला पाहिजे, या हिशोबानं बांधलेला.

दिल्लीतल्या दरवाज्याला लाहोरचं नाव का?

तोंड लाहोरच्या दिशेला म्हणून. जिकडे रस्ता जातो त्या गावाचं नाव दरवाज्याला द्यायची जुनी पद्धत आहे. लाहोरच्या जुन्या शहराला दिल्ली दरवाजा आहे, म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना एकमेकांची नावं! आणि आपल्याला हे नवीन कुठाय, शनिवारवाड्याचा मुख्य दरवाजा कुठला? दिल्ली दरवाजा, उत्तरेकडे तोंड असलेला. छत्रपती संभाजीनगरमध्येही दिल्ली दरवाजा आहेच. मी पुण्याच्या भाच्यांना असंच सांगते, की तुमच्या शनिवारवाड्याच्या दरवाज्याचं तोंड जिकडे आहे ना, तिकडेच आपण आलोय.

रिक्षावाल्याला "लाहोरी गेट" सांगितलं तर चालेल?

नाही!! हे आधी वाचा मग घराबाहेर पडा. जुन्या दिल्ली शहराच्या तटालाही एक लाहोरी दरवाजा होता, चांदणी चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला, फतेहपुरी मशिदीच्या पलीकडे. तो दरवाजा इंग्रजांच्या काळातच पाडला, पण त्या भागाचं नाव अजून लाहोरी गेटच आहे, त्यामुळे तसं सांगितलंत की रिक्षावाला तुम्हाला खारी बावलीच्या मसाल्याच्या बाजारात नेऊन सोडेल आणि तुम्ही मिरच्यांच्या पोत्यांमध्ये शिंकत उभे राहाल. माझ्या मावशीचं हेच झालं. "दिल्ली गेट" चंही तसंच, त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे पण ते दर्यागंजच्या बाजूच्या शहराच्या दरवाज्याचं. सरळ "लाल किला" म्हणायचं, विषय संपला.

मेट्रोनं आलात तर व्हायलेट लाईनवर लाल किला नावाचंच स्टेशन आहे, ते सगळ्यात जवळ. पण पाय चांगले असतील तर माझं ऐका, यलो लाईननं चांदणी चौक स्टेशनला उतरा आणि मुख्य रस्त्यावरून किल्ल्याकडे चालत या. २०२१ पासून हा रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ गाड्यांना बंद असतो, सायकलरिक्षा चालतात. चालता चालता दरवाजा समोर हळूहळू मोठा होत जातो, आणि तो तसाच बघायचा असतो, पूर्वी लोक याच रस्त्यानं त्याच्याकडे यायचे.

कधी बंद असतो?

दर सोमवारी. शिवाय १५ ऑगस्टच्या आधी बरेच दिवस तयारी आणि सुरक्षेसाठी बंद ठेवतात, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात किल्ला बघायचा बेत करूच नका, जुलैच्या शेवटी येणार असाल तरी आधी चौकशी करा. २६ जानेवारीच्या आसपासही तेच. एरवी सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतो. उन्हाळ्यात, म्हणजे मे-जूनमध्ये, पारा ४५ च्या आसपास जातो आणि तो लाल दगड तापला की भट्टीशेजारी उभं राहिल्यासारखं होतं, म्हाताऱ्या माणसांना तेव्हा आणू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुरकं. मला विचाराल तर फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा.

तिकीट कसं काढायचं?

पुरातत्त्व खात्याच्या साईटवर ऑनलाईन काढा, मोबाईलवर कोड येतो तो दाखवायचा. ऑनलाईन काढलं की थोडं स्वस्तही पडतं आणि खिडकीवरची लाईन वाचते, सुट्टीच्या दिवशी ती लाईन भयंकर असते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांना तिकीट बरंच महाग आहे, पण अमेरिकेतून-लंडनहून येणाऱ्या आपल्या लोकांसाठी सांगते, ओसीआय कार्ड असेल तर भारतीयांचाच दर लागू होतो, २०२१ मध्ये तसा सरकारी आदेश निघालाय. फक्त कार्ड सोबत ठेवा, "घरी आहे" म्हणून भागत नाही. आणि आतली संग्रहालयं बघायची असतील तर त्याचं काय ते तिकीट काढतानाच विचारून घ्या, मागाहून परत खिडकीवर यायला लागलं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

सिक्युरिटीचा फार त्रास होतो का?

वेळ लागतो. डिसेंबर २००० मध्ये किल्ल्यात अतिरेकी हल्ला झाला होता, तेव्हा तपासणी कडक असणारच आणि असायलाच हवी. सीआयएसएफचे जवान असतात, बाया-पुरुषांच्या लाईनी वेगळ्या. लाडू-चिवड्याचे डबे, काडेपेटी, तंबाखू, चाकू, ट्रायपॉड काही नेऊ नका (ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते). पाण्याची बाटली, टोपी, मोबाईल, बास. मोठ्या सुटकेसी घेऊन स्टेशनवरून थेट येणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका.

समोर उभं राहूनही दरवाजा पूर्ण दिसत का नाही?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. कारण तुमच्या आणि दरवाज्याच्या मध्ये औरंगजेब उभा आहे!

शहाजहाननं बांधला तेव्हा दरवाजा थेट चांदणी चौकाकडे तोंड करून उघडा होता. आत दिवाण-ए-आममधली (म्हणजे आम दरबारातली) बादशहाची बैठक, समोर नौबतखाना, मग छत्ता चौक, मग हा दरवाजा, मग चांदणी चौकाचा सरळसोट रस्ता आणि पार शेवटी फतेहपुरी मशीद, हे सगळं एका ओळीत. मनात दोरी धरून बघा, एका टोकाला बादशहा, दुसऱ्या टोकाला मशीद आणि मध्ये अख्खं शहर. पुढं औरंगजेब गादीवर आला आणि त्यानं दरवाज्यापुढं जवळजवळ साडेदहा मीटर उंचीची भिंत बांधून एक वेगळं आवार केलं. आता सरळ आत जाता येत नाही, आधी बाजूनं त्या आवारात शिरायचं आणि मग वळून खऱ्या दरवाज्यासमोर यायचं. संरक्षणाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच, शत्रूला सरळ धावत येऊन दारावर धडक मारता येऊ नये. आपल्या गडांच्या दरवाज्यांपाशीही वाट अशीच वळवून आणलेली असते, रायगडचा महादरवाजा डोळ्यासमोर आणा, दोन बुरुजांच्या कवेत लपवलेला, पुढ्यात जाईपर्यंत दिसतच नाही.

पण सौंदर्य गेलं ते गेलंच. शहाजहान तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात मुलाच्याच कैदेत होता. असं सांगतात, की ही भिंत बांधल्याचं कळल्यावर त्यानं मुलाला निरोप धाडला, किल्ल्याची नवरी केलीस आणि तिच्या तोंडावर घुंगट ओढलास. निरोप खरा असो नसो, दिल्लीकर अजून या भिंतीला घुंगटच म्हणतात आणि एकदा हे ऐकलं की ती भिंत दुसरं काही म्हणून दिसतच नाही.

यातलं एक मला दर वेळी आठवतं. घुंगट ओढणारा औरंगजेब १६७९ मध्ये दिल्लीतून बाहेर पडला, नंतर दक्षिणेत उतरला तो मराठ्यांशी लढण्यात पंचवीस वर्षं अडकला आणि परत दिल्ली त्याला दिसलीच नाही. १७०७ मध्ये आपल्या नगरला वारला, खुलताबादला कबर आहे. आपल्याकडच्या माणसानं या भिंतीसमोर उभं राहून एवढं तरी आठवावं.

मग बघायचा कुठून? फोटो कुठून चांगला येतो?

दोन जागा. पहिली बाहेर, चांदणी चौकाच्या तोंडाशी लाल जैन मंदिराच्या बाजूला, तिथून घुंगटाच्या भिंतीवरून दरवाज्याचा वरचा भाग, छत्र्या (म्हणजे खांबांवरचे छोटे घुमटदार मंडप) आणि तिरंगा दिसतो. दुसरी आत, घुंगटाची भिंत ओलांडल्यावर जे आवार लागतं तिथं. तिथं सगळे तपासणी संपल्याच्या आनंदात पुढं पळतात. तुम्ही पळू नका, बाजूला व्हा, भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि मान वर करा. तेव्हाच अख्खा दरवाजा एका नजरेत येतो.

दरवाजा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागं असतो आणि फोटो काळा येतो. दुपारी तीननंतर ऊन थेट अंगावर येतं, दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. सगळे सकाळी लवकर उठून जातात आणि फोटो बघून खट्टू होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दरवाज्यावर नेमकं काय काय बघायचं?

तीन मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर चौकोनी, लांबट आणि महिरपी कमानींचे कोनाडे. दोन्ही अंगांना अर्ध्या अष्टकोनी आकाराचे बुरूज, बुरुजांच्या डोक्यावर एकेक उघडी छत्री. त्या दोन छत्र्यांच्या मध्ये छोट्या छोट्या छत्र्यांची रांग आहे आणि त्यावर सात चिमुकले संगमरवरी घुमट. सगळा लाल दगड आणि डोक्यावर तेवढा पांढरा. तटाच्या माथ्यावरचे कंगोरे ज्योतीच्या आकाराचे आहेत, मुलांना ते लगेच कळतं, मोठ्यांना दाखवावं लागतं. तटाची उंचीही बघा, शहराच्या बाजूला ३३ मीटरपर्यंत जाते आणि मागं नदीच्या बाजूला १८ च्या आसपास. शहराला दाखवायला जास्त उंच!

जाताना पुलावरून खाली बघायला विसरू नका, खंदक आहे. पूर्वी त्यात यमुनेचं पाणी असायचं, आता नदी लांब गेली आणि खंदक कोरडा पडलाय. आधी इथं लाकडी पूल होता, आताचा दगडी पूल १८११ मध्ये, दुसऱ्या अकबरशहाच्या काळात झाला.

दरवाज्यावर चढता येतं का?

नाही, लोकांना वर सोडत नाहीत. वर खोल्या आहेत मात्र, आणि त्या खोल्यांनी फार काही पाहिलंय. १८५७ मध्ये राजवाड्याच्या पहाऱ्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन डग्लस या दरवाज्यावरच राहायचा. ११ मे १८५७ ला मेरठहून निघालेले शिपाई दिल्लीत पोचले, कमिशनर सायमन फ्रेझर खाली जिन्याच्या पायथ्याशी मारला गेला आणि डग्लस वर त्याच्या खोलीत. त्या दिवसापर्यंत उठाव छावणीतला होता, शिपाई या दरवाज्यातून बहादूरशहापर्यंत पोचले आणि उठावाला बादशहाचं नाव मिळालं. खालून चालताना वर एकदा बघा.

१५ ऑगस्टचं भाषण इथूनच होतं ना? आपल्याला जाता येतं का?

हो, इथूनच, दरवाज्यापुढच्या तटावरून, आणि टीव्हीवर मागं ज्या छत्र्या आणि छोटे घुमट दिसतात ते याच दरवाज्याचे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायचं तर पास लागतो. संरक्षण मंत्रालयाच्या "आमंत्रण" नावाच्या पोर्टलवर त्याची तिकिटं निघतात आणि पटापट संपतात. पहाटे अंधारात निघायची तयारी ठेवा. मी एकदा गेलेय, पावसात भिजत चार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते, आणि झेंडा वर जाताना २१ तोफा सुरू झाल्या तेव्हा छातीत काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

नेहरूंनी १५ ऑगस्ट १९४७ ला इथंच झेंडा लावला होता ना?

लाल किल्ल्यावर १६ ऑगस्टला. १५ ला समारंभ इंडिया गेटच्या भागात झाला, आणि १४ च्या मध्यरात्रीचं ते प्रसिद्ध भाषण तर घटना समितीच्या सभागृहात. लोकांच्या मनात तिन्ही एकत्र झालेत.

पण लाल किल्लाच का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. बहादूरशहा जफरवर इंग्रजांनी १८५८ मध्ये इथंच, त्याच्याच राजवाड्यात खटला चालवला. मग १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या सहगल, ढिल्लन आणि शाहनवाज खान यांच्यावरचा खटलाही इथंच उभा केला आणि अख्खा देश पेटला. इंग्रजांनी जिथं आपल्याला आरोपी म्हणून उभं केलं तिथंच आपण झेंडा लावला. आतल्या बराकीत नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं, तिथं घाई करू नका.

मराठ्यांचा या दरवाज्याशी काय संबंध?

आपल्या लोकांकडून हमखास येणारा प्रश्न, आणि बहुतेकांना "मराठ्यांनी दिल्ली जिंकली" याच्या पुढं काही सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंबरोबर (दिल्ली दरबारातले बलाढ्य सरदार) फौज घेऊन दिल्लीला आले. बादशहा फर्रुखसियर याला पदच्युत करण्याच्या त्या धामधुमीत दिल्लीच्या रस्त्यांवर शेकडो मराठे मारले गेले. पण परत जाताना स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन गेले आणि कितीतरी वर्षं कैदेत असलेल्या येसूबाईंनाही सोडवून नेलं. मी साताऱ्याची, शाहू महाराजांच्या गावची, मला यातलं येसूबाईंचं घरी जाणं सनदांपेक्षा मोठं वाटतं. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले, किल्ल्यात शिरले नाहीत.

किल्ला हातात आला तो १७६० च्या ऑगस्टमध्ये, सदाशिवरावभाऊंच्या. अब्दालीच्या वतीनं याकूब अली खान किल्ला धरून बसला होता, वेढा पडला, शेवटी तो बोलणी करून निघून गेला. पण भाऊंच्या फौजेकडे पैसा नव्हता, जनावरांना चारा नव्हता, तेव्हा दिवाण-ए-खासचं, म्हणजे खास दरबाराच्या महालाचं, चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. गाईड हे सांगताना कधी कधी नाक मुरडतो आणि आपल्याकडचे काही जण ऐकायलाच तयार नसतात. मला वाटतं दोन्ही बाजूंनी ते नीट ऐकावं, पाच महिन्यांनी पानिपतावर काय झालं ते आपल्याला माहिती आहे, आणि त्या छताकडे बघितलं की ती फौज किती उपाशी होती ते कळतं. भाऊ पुढं निघाले तेव्हा किल्ल्याची जबाबदारी नारो शंकरांवर होती. नाशिकची नारोशंकराची घंटा म्हणतो ना आपण, तेच ते राजेबहादूर.

मग महादजी शिंदे. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली परत घेतली आणि बाहेर फिरत असलेला बादशहा शाह आलम जानेवारी १७७२ मध्ये त्यांच्या बळावर आपल्या राजवाड्यात परत आला. १७८८ मध्ये गुलाम कादर या रोहिल्या सरदारानं याच किल्ल्यात त्याचे डोळे काढले, तेव्हाही सोडवायला महादजींची फौज आली. त्यानंतर ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेला हरवलं तोवर दिल्लीत अंमल शिंद्यांचाच.

आणि याची एक खूण आजही दरवाज्यासमोर उभी आहे, ती बघितल्याशिवाय जाऊ नका. चांदणी चौकाच्या तोंडाशी जैन मंदिराला लागून गौरीशंकराचं देऊळ आहे, ते १७६१ मध्ये अप्पा गंगाधर नावाच्या मराठ्यानं बांधलं असं सांगतात. पानिपताचं वर्ष! आई तिथं दर वेळी बेल वाहते.

शिवाजी महाराजांना याच किल्ल्यात कैद केलं होतं का?

नाही. ते आग्रा. १२ मे १६६६ ची भेट आग्र्याच्या किल्ल्यात झाली आणि १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहूनच निसटले. आग्र्याच्या किल्ल्यालाही लाल किल्ला म्हणतात म्हणून हा घोळ होतो. दिल्लीत हे विचारायची लाज वाटून घेऊ नका, मला दर दोन पाहुण्यांतला एक तरी विचारतो.

दरवाज्यातून आत गेल्यावर लगेच काय लागतं?

छत्ता चौक. वरून झाकलेला दुमजली बाजार, साधारण ७० मीटर लांब. उन्हाच्या देशात छपराखालचा बाजार ही कल्पना पेशावरच्या बाजारावरून घेतली असं सांगतात. पूर्वी इथं राजघराण्यासाठी रेशीम, किनखाप, जवाहीर विकलं जायचं, आता पर्स, बांगड्या, मॅग्नेट. मधोमध अष्टकोनी मोकळी जागा ठेवलीय, हवा आणि उजेड यायला, तिथं उभं राहून छताकडे बघा. वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर काढल्यावर खालची वेलबुट्टीची रंगीत नक्षी बाहेर आलीय, आणि खाली सगळे मान खाली घालून मॅग्नेटचे भाव करत असतात. भाव मात्र करा, निम्म्यापासून सुरू करा.

पुढं नौबतखाना. तिथं दिवसातून पाच वेळा नौबत झडायची, आणि राजघराण्यातले सोडले तर सगळ्यांना इथं हत्ती-घोड्यावरून उतरावं लागायचं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही नगारखाना आहे, आठवा.

आत एवढं रिकामं का वाटतं?

१८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि बराकी बांधल्या. तुम्हाला जी हिरवळ दिसते तिथं महाल, अंगणं, बागा होत्या. इंग्रजांनंतर आपलं लष्कर होतं, २००३ च्या डिसेंबरमध्ये किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आला आणि २००७ मध्ये जागतिक वारसा झाला. लोक म्हणतात आत बघायला काही नाही, मला ते ऐकून दुखतं. जे पाडलं ते मनात उभं करून बघायचं असतं, म्हणून तर दरवाजा नीट बघा म्हणते, त्यावरून आतलं काय असेल याचा अंदाज येतो.

दुसरा दरवाजा पण आहे ना?

आहे, दक्षिणेकडे, दिल्ली दरवाजा, तिथंही औरंगजेबाचा घुंगट आहेच. त्याच्यापाशी दोन दगडी हत्ती आहेत, जुने औरंगजेबानं काढले होते, आताचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं १९०३ मध्ये बसवले. सर्वसाधारण पर्यटकांना तिकडून आत सोडत नाहीत.

आजी-आजोबांना झेपेल का?

दरवाज्यातून आत जायला जिना चढायचा नाही, वाट फरसबंदी आहे, हळूहळू गेलं तर झेपतं. पण चालणं खूप आहे, अख्ख्या तटाचा घेरच जवळजवळ अडीच किलोमीटर. गुडघे दुखत असतील तर छत्ता चौकापर्यंत जाऊन नौबतखान्यासमोरच्या झाडाखाली बसा, बाकीच्यांना पुढं जाऊ दे. पायात बूट घाला, चपला घसरतात.

गाईड घ्यावा का?

घ्या, पण सरकारी परवान्याचं कार्ड बघून आणि पैसे आधी ठरवून. बाहेर कुणी "आज किल्ला बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणालं तर थांबू नका, सरळ तिकीटखिडकीपर्यंत जा आणि स्वतः बघा. माझ्या आत्याला असंच सांगून एका गालिच्याच्या दुकानात नेऊन बसवलं होतं.

खायला काय?

आत फार अपेक्षा नको. बाहेर चांदणी चौकात दरिब्याच्या कोपऱ्यावर जाडजूड जिलबी, पराठेवाली गल्ली, आणि थंडीत आलात तर दौलत की चाट. नावावरून भेळेसारखं वाटतं पण ती दुधाच्या फेसाची गोड वस्तू आहे, तोंडात ठेवली की विरते आणि फक्त हिवाळ्यातच मिळते.

किती वेळ धरायचा?

अख्खा किल्ला आणि संग्रहालयं धरून चार तास. त्यातला निदान पाऊण तास दरवाज्याला द्या. दुपारी एकच्या सुमारास आत जाऊन आधी आतलं सगळं बघा आणि परत येताना, ऊन अंगावर आलेलं असतं तेव्हा, बाहेरच्या आवारात थांबून दरवाजा बघा, हा क्रम मला सगळ्यात जमलाय.

आमच्या हातात फक्त सोमवारच आहे, मग काय करू?

तरी या. आत जाता येणार नाही पण दरवाजा बाहेरूनही दिसतो, आणि सोमवारी लाईनीची गर्दी नसते. बाबा दुसऱ्यांदा आले तेव्हा नेमका सोमवार होता आणि मंगळवारी सकाळची त्यांची गाडी. आम्ही चार वाजता गौरीशंकराचं दर्शन घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. बाबांनी चष्मा पुसला, बोटानं सातही घुमट मोजले, परत एकदा मोजले, मग ऊन उतरेपर्यंत तिथंच उभे होते आणि मीही त्यांना चला म्हटलं नाही.